प्रभा अत्रे: गायिका आठवते, रचनाकार का आठवत नाही?

मागे अलिबागला मावशीकडे गेले होते. मावसबहिणीची गाण्याची परीक्षा जवळ आली होती, म्हणून तिची वही चाळत बसले. मारू बिहाग रागाच्या पानावर 'जागू मैं सारी रैना' ही बंदिश उतरवलेली होती. ताल, मात्रांच्या खुणा, सम कुठे, सगळं व्यवस्थित. वर एक रकाना होता: रचनाकार. त्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

ही बंदिश पारंपरिक नाही. ती डॉ. प्रभा अत्रे यांची आहे. मारू बिहाग आणि कलावती या दोन रागांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे ती घराघरांत पोचली आणि मग इतक्या जणांनी गायली की तिला आई-वडील आहेत हेच लोक विसरले. एका अर्थी रचनाकाराला यापेक्षा मोठी दाद नाही. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर या रकान्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. नोंद चुकली की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं. इथे चुकली आहे एका बाईच्या पन्नास-साठ वर्षांच्या कामाची नोंद.

13 जानेवारी 2024 ला प्रभाताई गेल्या. त्या दिवसांत आलेले मृत्युलेख मी बरेच वाचले. किराणा घराण्याच्या ज्येष्ठ गायिका, पद्मश्री (1990), पद्मभूषण (2002), पद्मविभूषण (2022), वयाच्या 91 व्या वर्षीही मैफल ठरलेली. हे सगळं खरंच आहे. पण रचनाकार हा शब्द 'गायिका, लेखिका, विदुषी, रचनाकार' अशा माळेत शेवटी ओवलेला असायचा. त्यांनी नेमकं काय रचलं, का रचलं, आणि त्याचा त्यांच्या संशोधनाशी काय संबंध, यावर फारसं कुणी थांबलं नाही. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे.

आधी एक साधी अडचण. इटलीत तेरेसा प्रोकाचिनी नावाची एक संगीतकार आहे, जन्म 1934, म्हणजे प्रभाताईंपेक्षा दोन वर्षांनी लहान. तिच्या रचनांमध्ये ऑर्गनसाठी लिहिलेल्याही आहेत. आता ऑर्गन म्हणजे संगीत नाटकाच्या खड्ड्यात वाजायचा तो पायपेटीवाला नव्हे, चर्चमधला भल्यामोठ्या नळ्यांचा. ती रचना कागदावर लिहून मोकळी होते. वाजवणारा वेगळा असतो. शंभर वर्षांनी कुणी दुसऱ्याच गावातल्या ऑर्गनवर ती वाजवेल तेव्हाही पानावर नाव तिचंच असेल. तिच्या कारकिर्दीवर लिहायचं तर रचनांची यादी समोर ठेवून सुरुवात करता येते.

आपल्याकडे तसं नाही. बंदिश म्हणजे चार-सहा ओळींचा सांगाडा. त्यावर गाणारा अर्धा तास जे उभं करतो त्याला आपण गाणं म्हणतो. रचना करणारी आणि गाणारी व्यक्ती एकच असेल तर कौतुक नेमकं कशाचं चाललंय, सांगाड्याचं की उभं केलेल्या घराचं, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. प्रभाताईंची 'कौन गली गयो श्याम' ही ठुमरी घ्या. तीही त्यांच्या नावाशी इतकीच घट्ट जोडली गेली आहे, पण ती खरोखर पारंपरिक आहे. म्हणजे श्रोत्याच्या मनात दोन्ही 'प्रभाताईंच्याच' आणि परीक्षेच्या वहीत दोन्ही 'पारंपरिकच'. दोन्हीकडे फरक पुसला गेलाय.

आता मुख्य मुद्द्याकडे येते, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, सांगलीला.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे, डेप्युटी कलेक्टर म्हणून नोकरी केलेले गृहस्थ. त्यांना एका प्रश्नाने झपाटलं होतं: आपल्या ग्रंथांत सांगितलेल्या 22 श्रुती प्रत्यक्षात कुठे आहेत? 1910 मध्ये त्यांनी यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. पद्धत अशी, की गवयाने स्वर लावायचा आणि तारेची लांबी कमी-जास्त करून तो जुळवायचा, मग लांब्यांचं गुणोत्तर काढायचं. गळा कुणाचा? अब्दुल करीम खाँ यांचा. किराणा घराण्याचे मोठे गायक, पुढे मिरजेला स्थायिक झालेले. ई. क्लेमेंट्स हे ब्रिटिश न्यायाधीश या कामात सामील झाले, त्यांचं पुस्तक 1913 चं. या मोजमापांवरून श्रुती वाजवणारी खास हार्मोनियमसुद्धा तयार करवून घेतली गेली. पेटीवर सप्तकात बाराच पट्ट्या असतात, त्यामुळे आपले बारीक स्वर तिच्यावर निघत नाहीत, ही तक्रार जुनी. यांनी पेटीच बदलली!

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ऐकून आनंद व्हायला हवा. उपकरण आहे, मोजमाप आहे, नमुना आहे. पण नमुना एकच गळा! आणि कोणती जागा 'बरोबर' लागली हे ठरवणारे मनात आधीच 22 हा आकडा धरून बसलेले. उत्तर माहीत असताना घेतलेलं माप आहे हे. 1963 मध्ये नाझिर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष वादन-गायनातले स्वर मोजले तेव्हा दिसलं की एकाच मैफलीत एकच स्वर थोडा वर-खाली होत राहतो. ठरलेल्या 22 खुंट्या काही सापडल्या नाहीत.

पण मला इथे वेगळंच खटकतं. या सगळ्या खटाटोपात खाँसाहेबांचं स्थान काय होतं? ते प्रयोगातला नमुना होते. सिद्धांत मांडणारे दुसरे. गाणाऱ्याने गावं आणि विचार शिकलेल्या लोकांनी करावा, ही वाटणी तेव्हा कुणाला विचित्र वाटली नसावी. खरं सांगायचं तर आजही अनेकांना वाटत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं म्हणजे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. आणि या दोघांची शिष्या म्हणजे प्रभा अत्रे. 1932 मध्ये पुण्यात जन्म, फर्ग्युसन कॉलेजातून बी.एस्सी., मग कायद्याची पदवी, आणि त्यानंतर संगीतात डॉक्टरेट. म्हणजे ज्या परंपरेतला गळा 1910 मध्ये दुसऱ्यांच्या सिद्धांतासाठी मोजला गेला, त्याच परंपरेतली एक बाई दोन पिढ्यांनी स्वतःच प्रबंध लिहायला बसली. विषय निवडला सरगम.

विषयाची ही निवड किती धीट होती ते समजून घ्या. सरगम म्हणजे बंदिशीच्या शब्दांऐवजी किंवा आकाराऐवजी सा, रे, ग, म अशी स्वरांची नावं घेत गाणं. हिंदुस्थानी संगीतात ती बराच काळ शिकवणीतली गोष्ट मानली जायची. मैफलीत ती घेणं म्हणजे कीर्तनकाराने मध्येच पाढे म्हणण्यासारखं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीताच्या प्रभावातून ती मैफलीत आणली होती, अमीर खाँ आणि बडे गुलाम अली खाँ यांच्या गाण्यातही ती होती. तरीही ती नको म्हणणारे भरपूर होते. प्रभाताईंची भूमिका अशी, की सरगमला स्वतंत्र सौंदर्यमूल्य आहे, ती फक्त शिकण्याची पायरी नाही. आणि हे त्या नुसतं लिहीत नव्हत्या, प्रत्येक मैफलीत गात होत्या.

या दाव्यात कितपत दम आहे? माझ्या परीने तपासून बघते. मी गाण्यातली नाही, त्यामुळे चूक दिसली तर जरूर सांगा.

विरोधकांचा सगळ्यात जोरदार आक्षेप असा: आपलं संगीत मींडेवर चालतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर आपण घसरत जातो, उडी मारत नाही. 'ग' म्हटलं की त्या घसरणीला मध्येच खुंटी ठोकल्यासारखं होतं. गंमत बघा, हार्मोनियमवरचा आक्षेपही अगदी हाच होता. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती याच कारणाने, आणि ती पुढची तीनेक दशकं टिकली. प्रभाताई त्या काळात आकाशवाणीतच सहायक निर्मात्या म्हणून काम करत होत्या. ज्या संस्थेने खुंट्यांवर बंदी घातली तिथे नोकरी, आणि स्वतःच्या गाण्यात स्वरांच्या नावांचा आग्रह!

पण आक्षेप पूर्ण खरा नाही. मारू बिहागमध्ये दोन मध्यम आहेत, शुद्ध आणि तीव्र. सरगम करताना दोघांनाही 'म'च म्हणतात. कलावतीत निषाद कोमल आहे, बिहागात शुद्ध, पण उच्चार दोन्हीकडे 'नी'. म्हणजे स्वराचं नाव ऐकून तुम्हाला स्वर कळत नाही! तो गळ्यातून कळतो, नाव फक्त सोबत चालतं. सरगम नुसती 'माहिती' असती, पट्टीवर बोट ठेवण्यासारखी, तर ही संदिग्धता चालली नसती. ती चालते, कारण तिथे नाव हे अक्षर म्हणून येतं, लेबल म्हणून नाही.

अक्षर म्हणून आलं की काय होतं? आकारात एकच 'आ' असतो, त्याला कडा नसतात. सरगमेत प्रत्येक स्वराला सुरुवातीला व्यंजन मिळतं. 'ग', 'प', 'ध' यांना ठसका आहे, 'सा' ला शीळ आहे, 'म' आणि 'नी' नाकातून येतात. सतारीवर मिझराबीचा आघात असतो ना, तसा आघात गळ्याला मिळतो. कलावती घ्या: सा, ग, प, ध, नी असे पाचच स्वर. त्यातले मधले तीन ऱ्हस्व 'अ' चे आणि ठसक्याचे. या तिघांना द्रुत लयीत फिरवलं की तबल्याच्या बोलांसारखं काहीतरी तयार होतं, आणि 'नी' आली की एकदम मोकळी जागा. ही किमया आकारात नाही, बंदिशीच्या शब्दांतही नाही. प्रभाताई जेव्हा सरगमेला स्वतंत्र म्हणतात तेव्हा मला तरी ते असं पटतं. हा माझा युक्तिवाद आहे, त्यांच्या तोंडी घालू नका.

आता जिथे पटत नाही ते. ज्या व्यक्तीने सरगमेचं सौंदर्य सिद्ध करायचं तीच ती सरगम गाणारी. पुरावा आणि वकील एकच. ऐकणारा म्हणतो, 'वा, सरगम सुंदर असते!' पण सरगम सुंदर होती की प्रभा अत्रे सुंदर गात होत्या? दुसऱ्या कुणी तेच केल्यावर कंटाळा आला तर दोष पद्धतीचा की गळ्याचा? देवलांची चूक होती की त्यांनी दुसऱ्याचा गळा आपल्या सिद्धांतासाठी वापरला. प्रभाताईंच्या बाबतीत धोका उलटा आहे. गळा इतका समर्थ, की सिद्धांत कच्चा असता तरी त्याने तो तारून नेला असता.

स्वतः करत असलेल्या गोष्टीवर पीएचडी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येणार. नृत्य करणारी नृत्यावर, शिक्षक स्वतःच्या वर्गावर, शेतकऱ्याचा मुलगा घरच्या भातशेतीवर. मुलाखतीत कुणीतरी विचारतंच, 'तुम्ही तटस्थ कसे राहणार?' बरेच जण तिथे गडबडतात आणि 'मी तटस्थ राहीन' असं वचन देऊन टाकतात. ते देऊ नका. त्याने काही सिद्ध होत नाही.

याला एक जुना उपाय अलिबागमध्येच आहे, गाण्याशी काडीचा संबंध नसलेला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा लक्षात आलं की त्या विजेने नोंदी बिघडणार. म्हणून 1904 मध्ये अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत, नवी वेधशाळा सुरू केली. आजही ती आहे, समुद्राकडे जाताना लागते. मुद्दा पुढे आहे. त्यांनी कुलाबा बंद करून अलिबाग सुरू केलं नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. कारण नव्या जागेचा आकडा वेगळा आला तर फरक पृथ्वीत पडला की जागेत, हे एरवी कळणारच नाही. दोन्ही एकत्र चालवल्यामुळे जागेचा फरक काढता आला आणि जुनी मालिका तुटली नाही.

प्रभाताईंच्या रचनांना हेच हवं आहे. जिथे त्यांचा गळा नाही अशा ठिकाणी त्या रचना कशा उभ्या राहतात ते बघायचं. आणि इथे 'जागू मैं सारी रैना' अचानक फार मोलाची होते. ती इतक्या वेगवेगळ्या घराण्यांच्या, वेगवेगळ्या कुवतीच्या लोकांनी गायली आहे, अगदी माझ्या मावसबहिणीनेही (कुवतीबद्दल मी बोलणार नाही, ती हे वाचते). प्रत्येक वेळी गाणारा बदलतो, सांगाडा तोच राहतो. बहिणीच्या तोंडूनही ती बंदिश ऐकताना मारू बिहाग ओळखू येतो, मुखडा समेवर आपसूक येऊन बसतो, रागाचा स्वभाव पहिल्याच ओळीत कळतो. याचं श्रेय गळ्याला देता येणार नाही, निदान त्या गळ्याला तर नाहीच. हे रचनेचं काम आहे. म्हणजे रचनाकार प्रभा अत्रे मोठ्या होत्या याचा सगळ्यात चांगला पुरावा त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेत नसून शेकडो इतरांच्या गाण्यात आहे.

सरगमेच्या बाबतीत असा पुरावा मला तितका सहज सापडला नाही. आज अनेक गायक मैफलीत सरगम घेतात. पण ती प्रभाताईंच्या मांडणीमुळे, अमीर खाँच्या प्रभावामुळे, की टीव्हीवरच्या स्पर्धांत टाळ्या मिळतात म्हणून, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि पुष्कळदा ती ऐकवत नाही, हेही खरं. व्यंजनांचा ठसका राहतो, त्यात रागाचा विचार नसतो. म्हणून माझं मत असं: रचनाकार म्हणून त्यांचं काम त्यांच्याशिवाय टिकलं, सिद्धांत मात्र अजून बराचसा त्यांच्याच गळ्याच्या आधाराने उभा आहे. कुणीतरी तो तिथून उतरवून घ्यायला हवा.

त्यासाठी लागणारं साहित्य त्यांनीच ठेवलंय, ही त्यांच्यातल्या विज्ञान शिकलेल्या बाईची खूण. बहुतेक गवई बंदिशी शिष्यांच्या गळ्यात ठेवून जातात. प्रभाताईंनी 'स्वरांगिणी' आणि 'स्वररंजनी' या पुस्तकांतून त्या छापल्या. एकूण रचना पाचशेच्या वर. शिवाय 'स्वरमयी', 'सुस्वराली' अशी विचार मांडणारी पुस्तकं, अपूर्व कल्याण आणि मधुरकंस यांसारखे स्वतः बांधलेले राग, आणि एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागप्रमुख म्हणून केलेलं अध्यापन. 2016 मध्ये दिल्लीत त्यांची अकरा पुस्तकं एकाच वेळी प्रकाशित झाली, त्याची बातमी विक्रम म्हणून झाली. मला त्या विक्रमाचं अप्रूप नाही. अकरा पुस्तकं एकदम आली की एकाचंही नीट परीक्षण होत नाही. पण रागांच्या गायनवेळा पाळायच्याच का, यावर त्यांनी उघडपणे शंका घेतली, तिच्यावर मात्र वाद व्हायला हवा होता. झाला तो बहुतेक आदराने मान डोलावण्यापुरता. बाईंना नमस्कार करणं सोपं, त्यांच्याशी भांडणं अवघड.

संगीताच्या बाजूने येणाऱ्यांनी एवढं करून बघा. 'जागू मैं'ची दहा ध्वनिमुद्रणं गोळा करा, त्यातली निदान पाच प्रभाताईंच्या शिष्यपरंपरेबाहेरची असू द्या. छापील स्वरलिपी समोर ठेवा. कोणत्या जागा सगळे तशाच ठेवतात आणि कोणत्या बदलतात, ते मात्रेमात्रेने नोंदवा. न बदलणाऱ्या जागा म्हणजे रचना. विज्ञानाच्या बाजूने येणाऱ्यांना स्वर मोजायची साधनं आता फुकट मिळतात, देवलांसारखी तार ताणत बसावं लागत नाही. तोच गायक एकच स्वरसमूह आकारात आणि सरगमेत घेतो तेव्हा मींड खरंच तुटते का, हे मोजून बघता येईल. माझा अंदाज आहे की काही स्वरांवर तुटते आणि काहींवर नाही. 'म' आणि 'नी' ही नाकातली अक्षरं गळ्याचा आवाज चालू ठेवतात, 'प' ला तो क्षणभर बंद करावाच लागतो. अंदाज चुकला तर मला कळवा.

वहीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी बहिणीला म्हटलं, 'पारंपरिक' खोड आणि डॉ. प्रभा अत्रे लिही. तिने खोडलं. दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. क्लासमधल्या बाईंनी विचारलं होतं, 'हे कशावरून?' बाईंचं बरोबर होतं. मी तिला पुस्तकांची नावं पाठवली, आणि पान क्रमांक तू स्वतः शोधून लिही म्हणून सांगितलं.